एक जूनला जन्मलेली माणसं

त्या दिवशी बाबा पहिल्या पाळीला गेले आणि परत आले नाहीत. दुपारी ते यंत्राशेजारी खाली बसले. शेजारच्या माणसाने पाणी आणलं, तोवर ते गेले होते. कंपनीची गाडी आईला न्यायला आली तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

मी तेव्हा मराठी घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. सकाळी कलिन्याला तास, दुपारी घाटकोपरच्या वाचनालयात. बहीण दहावीला होती. कांजूरमार्गला कंपनीच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. पुढे खोली, मागे स्वयंपाकघर, आणि गॅलरीतून आग्रा रोडवरची कारखान्याची धुराडी दिसायची. त्या घरात मी जन्मले होते, त्यामुळे ते आमचं नाही हे मला माहीत असूनही कधी जाणवलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर कामगार अधिकारी घरी आले. माणूस चांगला होता. चहा घेतला, बाबांविषयी दोन शब्द बोलले, मग नियम सांगितला. कामगार नोकरीत असताना गेला, तर घरातल्या एकाला नोकरी मिळते. ती नोकरी असेपर्यंत घरही राहतं. मात्र निवृत्त झालेल्याला घर सोडावं लागतं आणि त्याच्या मागे कुणाला नोकरी नसते.

"यांना अजून दीड वर्ष होतं ना निवृत्तीला," ते म्हणाले. "म्हणजे तुमचा काही प्रश्नच नाही."

आई माझ्याकडे बघत नव्हती. बहीण बघत होती. मी अर्जावर सही केली.

मी पदवीधर म्हणून मला कारखान्यात न घालता कॉम्प्युटर विभागात टाकलं. लोकांना त्याचं अप्रूप होतं. वसाहतीतल्या बायका आईला म्हणायच्या, "नशीब काढलंन पोरीने, थंड हवेत बसते." खोली खरंच थंड होती. तिला खिडकी नव्हती. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या, दार आपोआप घट्ट लागायचं, आणि मग बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. लहानपणापासून आमचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. पाण्याची वेळ, डबा, शाळा, सगळं. त्या भोंग्यापासून सगळ्यांत जवळ बसूनही मला तो आता ऐकू येत नव्हता. कधी कधी मी उगाच उठून दार उघडून बघत असे, ते उघडतं आहे ना म्हणून.

माझं काम तारखांचं होतं. कंपनीने नवं यंत्र घेतलं होतं आणि जुन्या टेपवरची कामगारांची माहिती त्यात घालायची होती. नव्या यंत्रात माहिती तक्त्यांत राहायची आणि तिला प्रश्न विचारायची एक भाषा होती, एस-क्यू-एल. इंग्रजीच शब्द, पण व्याकरण वेगळं. मला भाषा शिकायची सवय होती. जाडजूड पुस्तिका मी घरी आणून वाचायचे, जशी एखादी कादंबरी वाचावी तशी, पहिल्या पानापासून.

जुन्या टेपवर जन्मतारीख सहा आकड्यांत होती. दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, दोन वर्षाचे. माणसाला त्यात तारीख दिसते. यंत्राला ती नुसती अक्षरं. क्रमाने लाव म्हटलं की ते शब्दकोशासारखं लावायचं, पहिलं अक्षर आधी, मग दुसरं. त्यामुळे सगळ्या महिन्यांतल्या एक तारखा सर्वांत वर, मग दोन तारखा. निवृत्तीला आलेला म्हातारा आणि नुकता लागलेला पोरगा शेजारी शेजारी, दोघांचा दिवस-महिना एक म्हणून. वर्षाकडे बघायला यंत्र शेवटी पोचायचं.

म्हणून त्या अक्षरांची आधी तारीख करून घ्यावी लागे. त्यासाठी एक आज्ञा होती, आणि तिला अक्षरांबरोबर साचा द्यावा लागे: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. साचा दिला नाही तर यंत्र अडून बसायचं, कारण त्याच्या मते महिना आकड्यात लिहायचाच नसतो, नावाची तीन अक्षरं लिहायची असतात. एकदा तारीख झाली की मात्र ती जिवंत झाल्यासारखी वागे. एकीतून दुसरी वजा करता येई. तिच्यात महिने मिळवता येत. एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला, तर यंत्र गोंधळायचं नाही, फेब्रुवारीचा शेवटचा दिवस द्यायचं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मी नाकारणार नाही. आणि जिथे तारीखच नसेल, जागा रिकामी असेल, तिथे काहीही मिळवा, उत्तर रिकामंच. पुढे ज्यांची निवृत्ती आहे त्यांची यादी मागा, त्यात तो माणूस नाही. ज्यांची होऊन गेली त्यांची मागा, त्यातही नाही.

यंत्र बसवून द्यायला मद्रासकडचा एक इंजिनिअर आला होता. हुशार, घाईत असलेला, सतत कॉफी मागणारा. आमचे विभागप्रमुख, म्हणजे साहेब, कुडाळकडचे. ते शिमग्याला गावी गेले होते. विभागात मी आणि इंजिनिअर दोघंच, आणि त्या दिवशी तो जुन्या टेपची छापील यादी चाळत होता. अजून अक्षरांच्याच क्रमाने लागलेली. तो मध्येच थांबला. पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"मॅडम, ये क्या है? फर्स्ट जून, फर्स्ट जून, फर्स्ट जून. पूरा पेज फर्स्ट जून. अगला पेज भी."

"हां. गाँव के लोग हैं," मी म्हटलं.

"तो? गाँव में सब एक ही दिन पैदा होते हैं? बाकी साल क्या करते हैं?"

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. गावात जन्माची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. आई पोराला घेऊन शाळेत जाते. मास्तर विचारतात, कधी झाला? ती म्हणते, भात कापणीला. मास्तर पोराकडे बघतात, दात बघतात, आणि शाळा ज्या महिन्यात सुरू होते त्याची पहिली तारीख टाकतात. एक जून. पोर आठ वर्षांचं असलं, गुरं राखून उशिरा आलेलं, तरी सहाचं लिहितात, म्हणजे पहिलीत शोभतं.

"मतलब डमी है," तो म्हणाला. "वही तो मैं बोल रहा हूँ."

त्याच्या धंद्यात हे नेहमीचं होतं. माहिती भरणाऱ्याला तारीख मिळाली नाही की तो काहीतरी ठोकून देतो, आणि नव्या यंत्रात घालताना असला कचरा आधी काढायचा असतो. मी म्हटलं की आधी साहेब येऊ देत. तो म्हणाला, साहब आएंगे तब तक मैं मद्रास में होऊंगा. त्याने दोन ओळींची आज्ञा दिली: ज्यांचा दिवस एक आणि महिना सहा, त्यांची जन्मतारीख रिकामी करा. यंत्राने क्षणात केली.

साहेब परतले आणि त्यांना हे कळलं तेव्हा आधी ते हसत सुटले.

"अगो बाय, माझो पण वाढदिस एक जूनच! तेणी माका पण पुसल्यान की काय? आमचो सगळ्यांचो बापूस एकच गो, शाळेचो मास्तर."

पण त्याआधी निवृत्तीची नवी यादी वर गेली होती आणि कामगार अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं की कारखान्यातला मोठा जथा तिच्यात कुठेच नाही. साहेब त्यांच्याकडे गेले, मलाही घेऊन गेले. जुनी टेप आहे, तारखा परत घालू, अर्ध्या दिवसाचं काम आहे, असं त्यांनी सांगितलं. मग, अधिकाऱ्यांना पटावं म्हणून, मास्तरांची गोष्टही सांगितली. हसत सांगितली, हातवारे करून.

अधिकारी हसले नाहीत. "म्हणजे या तारखा खोट्या आहेत हे तुम्हीच मला सांगताय."

साहेबांनी हात खाली घेतले.

"आता प्रश्न निघालाच आहे तर पुरावा मागवू," अधिकारी म्हणाले. ते वाईट हेतूने बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांच्यासमोर एक रिकामी जागा होती आणि ती भरायची होती, एवढंच.

परिपत्रक मीच टाइप केलं. ज्यांची जन्मतारीख नोंदीत नाही त्यांनी शाळेचा उतारा आणावा. शाळेची नोंद नसेल तर वडीलधाऱ्या नातेवाइकाने लेखी सांगावं. मृत कामगाराच्या जागी ज्याला नोकरी मिळाली आहे, त्याने मृताच्या जन्मतारखेचा पुरावा द्यावा. शेवटचा परिच्छेद टाइप करताना मी थांबले नाही. बाबांचीही तारीख एक जूनच होती, आणि यादीत माझं नाव कुठे आहे ते मला माहीत होतं.

बहुतेकांचे उतारे आले. सगळ्यांवर एक जूनच होता, त्यामुळे आम्ही जिथून निघालो तिथेच पोचलो. बाबांच्या शाळेकडून कार्ड आलं: जुनी रजिस्टरं कौलं फुटून पावसात भिजली, नोंद नाही. म्हणजे आईने सांगायचं.

संध्याकाळी मी ते घरी सांगितलं. आई भाकऱ्या करत होती.

"एक जून खोटं आहे," ती म्हणाली. "ते गौरीत झाले."

"आई!" बहीण ओरडली. "कुणी विचारलंय तुला गौर-बिर? एक जून लिहायचं, विषय संपला."

"सासूबाईंनी सांगितलेलं आहे मला. देवळापुढची दीपमाळ उभी राहिली त्या वर्षी गौर बसली त्या दिवशी. त्रिपुरीला दीपमाळ पहिल्यांदा लावली, तेव्हा दोन महिन्यांचं पोर घेऊन त्या दिवा ठेवायला गेल्या होत्या. कागदावर मी खोटं कसं लिहू? माझी सही आहे."

"अगं पण वाट लागेल आपली! ताई, सांग ना हिला."

"ताई काय सांगेल? ताईलाच तर खरं-खोटं कळतं. एवढी पुस्तकं वाचते."

मला ती दीपमाळ आठवत होती. तिच्या पायाशी दगडात शकाचं वर्ष कोरलेलं आहे. मे महिन्यात गावी गेलो की मी त्या अंकांच्या खाचांतून बोट फिरवायचे. वर्ष मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेब बाहेर गेले आणि मी यंत्रासमोर बसले. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले. जुनी पंचांगं वाचनालयात होती. त्या वर्षी भाद्रपदात गौर कोणत्या तारखेला बसली ते मी सकाळी कामाआधी घाटकोपरला जाऊन बघून आले होते. ती तारीख अक्षरांत लिहिली, साचा दिला, यंत्राने ती तारीख म्हणून घेतली. तिच्यात निवृत्तीच्या वयाचे, अठ्ठावन्न वर्षांचे महिने मिळवले. मग त्या महिन्याचा शेवटचा दिवस मागितला, कारण निवृत्ती महिनाअखेर असते.

उत्तर आलं. बाबा पौषात गेले होते. हा दिवस त्याच्या आधीच्या गणपतीनंतरचा होता.

खऱ्या तारखेने ते गेले तेव्हा निवृत्त होते. निवृत्ताच्या मागे नोकरी नाही, घर नाही. आईने गौर सांगितली तर मला ही खोली सोडावी लागेल. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं कुणी विचारलंच नाही. मला दार दिसलं. मी काहीच करायचं नव्हतं. आई खरं बोलणार होतीच. मी फक्त गप्प बसायचं होतं. जून आला की कलिन्याला पुन्हा नाव घालता येईल. मग वसाहतीतलं घर आठवलं, बहिणीची पुढची वर्षं आठवली, आणि आई आठवली, पत्र्याच्या ट्रंका घेऊन कुठे जाणार. मी पडद्यावरच्या ओळी पुसल्या. डबा तसाच परत नेला.

घरी आल्यावर मी ठरवलं होतं ते केलं. गप्प बसायचं नाही आणि आईला वळवायचंही नाही. आकडा सांगायचा आणि तिला ठरवू द्यायचं. बहीण क्लासला गेली होती. आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती.

"तू म्हणतेस ती तारीख मी मोजली," मी म्हटलं. "त्या हिशोबाने बाबांची निवृत्ती गणपतीनंतर लगेच झाली असती. गेले त्याच्या आधीच."

आईने हातातला टॉवेल घडी घातला. मला वाटलं ती विचारेल, मग नोकरीचं काय? घराचं काय? मी त्याची उत्तरं तयार ठेवली होती.

"म्हणजे त्या दुपारी ते घरी असते?" तिने विचारलं.

मला हे सुचलं नव्हतं. मी सगळं मोजलं होतं आणि हे मोजलं नव्हतं.

"कदाचित," मी म्हटलं.

"कदाचित नाही. घरीच असते. नाहीतर गावी. पौषात त्यांना शेतातला कुळीथ बघायचा असायचा, दर वर्षी म्हणायचे, रजा मिळत नाही." ती आत आली, पलंगावर बसली. "सकाळी छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाले होते त्या दिवशी. मी म्हटलं, नका जाऊ. म्हणाले, दीड वर्ष राहिलंय, आता कशाला खाडा."

ही गोष्ट तिने आम्हाला सांगितलेली नव्हती.

खाली कुणीतरी मुलीला हाक मारत होतं. मग ती म्हणाली, "तो कागद आण."

मी कागद आणला.

"शाळेत मास्तरांनी जे लिहिलं तेच लिही."

"आई, घरासाठी म्हणून तू—"

"घर गेलं चुलीत. मला ती तारीख नको. त्या तारखेने मी रोज त्यांना इथे बसलेलं बघेन. मास्तरांच्या तारखेने ते कामावर गेले आणि गेले. लिही."

मी एक जून लिहिलं आणि मास्तरांनी लिहिलेलं वर्ष लिहिलं. आईने खाली सही केली. सही करताना ती नेहमीच एकेक अक्षर ओठांत म्हणायची. त्या दिवशी ओठ हलले नाहीत.

बहीण आली, तिने कागद पाहिला आणि आईच्या गळ्यात पडली. "बघ, मी म्हटलं नव्हतं! उगाच घाबरवतेस ना तू." आईने तिला दूर केलं नाही.

त्या आठवड्यात सगळ्यांचे कागद मंजूर झाले. यंत्रात तारखा परत घालायचं काम माझंच होतं. टेपवरची अक्षरं वाचायची, साचा द्यायचा, तारीख करायची, त्या त्या माणसाच्या ओळीत ठेवायची. एका आज्ञेत सगळ्यांचं झालं, साहेबांचंही. "इलो काय मी परत?" त्यांनी मागून विचारलं. आलात, मी म्हटलं. बाबांची ओळ मृतांच्या वेगळ्या तक्त्यात होती, ती एकटी राहिली. ती मी हाताने भरली. यंत्राने ती घेतली. साच्यात बसणारी कोणतीही तारीख ते घ्यायचं.

त्यानंतर मी तिथेच राहिले. बहीण शिकली, तिचं लग्न त्याच घरातून झालं. मधे दोनदा मला दुसरीकडे जाता येईल असं निघालं, आणि दोन्ही वेळा मी आईकडे पाहून नाही म्हटलं. तिने मला कधी राहा म्हटलं नाही, जा असंही नाही. ती गणपतीत गौर बसवायची, पण त्या दिवशी बाबांचा विषय काढायची नाही. आधी काढायची. पुढे कारखाना बंद झाला आणि घर सोडावंच लागलं, तेव्हा तिने एकही प्रश्न न विचारता ट्रंका भरल्या.

आई मागच्या वर्षी गेली. दवाखान्याच्या माणसाने तिचं वय विचारलं. बहिणीने एक सांगितलं, मी दुसरं सांगितलं, त्याने मधलं लिहिलं. ती कधी झाली हे सांगणारं आता कुणी नाही. शाळेत ती गेलीच नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी कुणी एक जूनही लिहिलं नव्हतं.

मी मुलुंडला दोन खोल्यांत राहते. बहीण रविवारी फोन करते. सकाळी दूध येतं, मग मी वाचत बसते.